आयरिश भाषेच्या माध्यमांत काम करायचं असेल तर आधी रेडिओ लावा

डब्लिनला मास्टर्ससाठी आलेली मराठी मुलं मला अधूनमधून विचारतात की आयरिश भाषेतल्या रेडिओत, टीव्हीत बाहेरून आलेल्या माणसाला खरंच शिरता येतं का. येतं. मी पुण्यात कॉम्प्युटर शिकून इथे आलो, नोकरी सांभाळून संध्याकाळच्या वर्गांत भाषा शिकलो, आणि आता सबटायटल्स, वेबसाठीचे व्हिडिओ आणि थोडा रेडिओ असं मिळून माझं घर चालतं. पण बहुतेकजण या वाटेला चुकीच्या टोकाकडून लागतात. कॅमेरा, एडिटिंग, बातमी लिहिणं हे कामावर असतानाही शिकून होतं. पश्चिम किनाऱ्यावरच्या कॉनेमारा भागातला एखादा म्हातारा मासेमार फोनवर काय म्हणाला ते पहिल्याच खेपेला कळणं मात्र आधी जमावं लागतं. व्याकरणात पक्की असलेली माणसंही नेमकी तिथेच अडतात.

याचं कारण आकड्यांत दिसतं. २०२२ च्या जनगणनेत १८,७३,९९७ जणांनी आपल्याला आयरिश येते असं सांगितलं. शाळा-कॉलेजच्या बाहेर ती रोज बोलणारे मात्र ७१,९६८. शाळेत ती जवळजवळ सगळेच शिकतात, त्यामुळे पुस्तकी आयरिश असलेला उमेदवार इथे दुर्मिळ नाही. दुर्मिळ आहे तो रोज बोलणाऱ्यांत मिसळून गेलेला.

ही माध्यमं त्या बोलणाऱ्यांनी भांडून मिळवली आहेत, हे पहिल्या दिवसापासून मनात असू द्या. मुख्यतः पश्चिम किनाऱ्यावरच्या आयरिशभाषक गावांना, म्हणजे गेलताख्तला, देशाच्या रेडिओवर आपली भाषा फार कमी ऐकू यायची. १९६९ साली तिथल्या तरुणांनी नागरी हक्कांची चळवळ उभी केली आणि १९७० च्या ईस्टरला रॉस मक गावातून विनापरवाना रेडिओ केंद्र चालवून दाखवलं. दोन वर्षांनी, २ एप्रिल १९७२ ला, सरकारी ‘राडिओ ना गेलताख्ता’ सुरू झाला. टीव्हीचंही तसंच. १९८७ मध्ये त्याच रॉस मकमधून चळवळ्यांनी स्वतःचं टीव्ही प्रक्षेपण केलं, टीव्ही लायसन्सची फी भरायला नकार देऊन काहीजण तुरुंगात गेले, आणि ३१ ऑक्टोबर १९९६ ला आयरिशची टीव्ही वाहिनी आली. तिला १९९९ पासून टीजी ४ म्हणतात, आणि २००७ पासून ती राष्ट्रीय प्रसारक आरटीईपासून स्वतंत्र आहे. रेडिओचं मुख्यालय कास्ला गावात, टीव्हीचं बाल्ये ना हाउन गावात, दोन्ही गॉलवे शहराच्या पश्चिमेला खडकाळ किनाऱ्यावर. राजधानीत नाहीत ही गोष्ट मला अजूनही भारावून टाकते. आणि याचा व्यवहारातला अर्थ असा, की सुरुवात डब्लिनमध्ये करता येते, पण टीव्हीचं काम हवं असेल तर कधीतरी गॉलवेकडे सरकावं लागतं.

आता ऐकण्याबद्दल, कारण सगळ्यात जास्त मेहनत तिथेच आहे. आयरिशच्या मुख्य बोली तीन: उत्तरेची अल्स्टर, पश्चिमेची कॉनाक्ट आणि दक्षिणेची मन्स्टर. राडिओ ना गेलताख्ता प्रत्येकाला आपल्या बोलीत बोलू देतो. उत्तरेच्या डॉनेगॉलचा ‘बार्शकेल्टा’ आणि दक्षिणेच्या केरीकडचा ‘अन सील ओ यास’ हे कार्यक्रम पाठोपाठ ऐकले तर नवशिक्याला दोन वेगळ्या भाषा वाटाव्यात. छापील आणि वेबवरच्या बातम्या मात्र १९५८ साली ठरलेल्या प्रमाण लेखनाच्या जवळ राहतात. मालवणीत वाढलेल्या आणि पुस्तकी मराठीत परीक्षा दिलेल्या मुलाला हे लगेच समजेल. माझा सल्ला: एक बोली निवडा आणि निदान वर्षभर तिला धरून राहा. सगळं थोडंथोडं बोलणारा माणूस कुठलाच वाटत नाही आणि माइकवर ते लगेच कळतं.

रेडिओ भारतातूनही इंटरनेटवर लागतो, तेव्हा व्हिसाची वाट बघत असतानाच सुरुवात करा. टीजी ४ च्या मालिका-माहितीपटांवर बहुतेकदा इंग्रजी सबटायटल्स असतात आणि डोळा तिकडेच पळतो. म्हणून मी थेट प्रक्षेपणातले गेलिक फुटबॉलचे, म्हणजे आयर्लंडच्या देशी फुटबॉलचे, सामने बघायला सांगतो. तिथे इंग्रजीचा आधार नसतो, पण समालोचक कशाबद्दल बोलतोय ते समोर मैदानात दिसत असतं. शब्द आपोआप जागेवर बसत जातात.

डब्लिनमध्ये राहणाऱ्यांसाठी सगळ्यात मोकळं दार म्हणजे ‘राडिओ ना लाइफ’. १९९३ पासून चालणारं, १०६.४ एफएमवरचं हे सामुदायिक केंद्र स्वयंसेवकांच्या बळावर उभं आहे. बोलण्यापुरती भाषा आली की तिथे मिक्सर कसा हाताळायचा, पाहुण्याला बोलतं कसं करायचं, वेळ कशी सांभाळायची हे करता करता शिकता येतं. पैसे मिळत नाहीत, ओळखी मिळतात. या छोट्या जगात कामाची जाहिरात येण्याआधी तोंडी निरोप फिरतो, तेव्हा त्या ओळखींची किंमत फार मोठी आहे. बेलफास्टला असाल तर ‘राडिओ फॉल्च्या’ आहे.

रीतसर शिकायचं असेल तर डब्लिन सिटी युनिव्हर्सिटीत आयरिश आणि पत्रकारिता एकत्र शिकवतात. गॉलवे विद्यापीठाचं एक केंद्र कॉनेमाऱ्यात, अन खाहरू रुआ गावातच आहे. तिथे वर्ग सुटला तरी आयरिश सुटत नाही, दुकानातही तीच. सुरुवातीच्या पातळीवर असाल तर डॉनेगॉलमधल्या ‘ओइजस गेल’ संस्थेचे उन्हाळी वर्ग घ्या, ते १९८४ पासून प्रौढांसाठीच आहेत. मेनूथ विद्यापीठाची टीईजी ही आयरिशची परीक्षा ए१ (अगदी सुरुवात) ते सी१ (प्रगत) अशा पातळ्यांवर होते. परदेशी उमेदवाराजवळ शाळेतल्या आयरिशचे गुण नसतात, त्यामुळे बी२ चं प्रमाणपत्र अर्जात उपयोगी पडतं.

छापील वर्तमानपत्रांची कहाणी दुःखद आहे आणि ती माहीत असलेली बरी. ‘इन्यू’ १९८४ मध्ये बंद पडलं, ‘अनिश’ १९९६ मध्ये. बेलफास्टचं दैनिक ‘ला’ २००८ च्या अखेरीस गेलं, आणि २०१३ मध्ये ‘गेलश्केल’ आणि ‘फिन्शे’ दोन्ही थांबली. अनुदान आणि मोजका वाचकवर्ग यांच्यावर उभा असलेला कागद टिकवणं कठीण होतं. २०१४ मध्ये ‘तुआरिश्क’ हे बातम्यांचं संकेतस्थळ आलं आणि रोजची आयरिश पत्रकारिता पडद्यावर गेली. १९४२ पासूनचं ‘कोअर’ मासिक मात्र अजून निघतं, आणि नव्या लेखकाला लांब लेख लिहायला ती उत्तम जागा आहे. एकाच संस्थेवर पोट ठेवू नका, असं मी म्हणतो ते या इतिहासामुळे. २०२१ च्या भाषा कायद्याने सरकारी संस्थांना जाहिरातखर्चाचा किमान ५ टक्के भाग आयरिश माध्यमांत खर्च करणं बंधनकारक केलं आहे, त्यामुळे जाहिरातीचा मजकूर आणि व्हॉइसओव्हर हीही कमाईची वाट आहे.

मराठी इंजिनियर मुलांनी तंत्रज्ञानाकडे खास लक्ष द्यावं. ट्रिनिटी कॉलेजमधला ‘अबर’ प्रकल्प तिन्ही बोलींमध्ये यंत्राचा आवाज तयार करतो. डब्लिन सिटी युनिव्हर्सिटीतल्या ‘गीश’ गटाने संज्ञाकोश आणि गावांच्या नावांचा कोश सर्वांसाठी खुला केला आहे. अशा कामांत प्रोग्रामिंग आणि भाषा दोन्ही येणारा माणूस लागतो, आणि असे फार थोडे आहेत. सबटायटल्समध्येही यंत्राने काढलेला कच्चा मजकूर बोलीपाशी अडखळतो, तिथे कान असलेलं माणूसच हवं. मला कामं मिळत गेली ती याच जोडीमुळे.

व्हिसाचं सरळ सांगतो. विद्यार्थी म्हणून सत्र चालू असताना आठवड्याला २० तास काम करता येतं. मास्टर्सनंतर स्टॅम्प १जी वर, म्हणजे शिक्षण झाल्यावर नोकरी शोधण्यासाठी मिळणाऱ्या मुभेवर, दोन वर्षांपर्यंत राहता येतं. त्यापुढे कामाच्या परवान्यासाठी मालक पाठीशी उभा असावा लागतो, आणि किनाऱ्यावरच्या छोट्या निर्मिती कंपन्यांना ते झेपणं अवघड. म्हणून पहिली काही वर्षं मुख्य नोकरी तंत्रज्ञानातली ठेवा आणि माध्यमाचं काम नियमांत बसेल तेवढंच करा.

अर्ज पाठवताना सीव्हीसोबत स्वतःच्या आवाजातली तीन-चार मिनिटांची आयरिश मुलाखत जोडा. वाचून दाखवलेला मजकूर नको, कुणाशी तरी केलेलं खरं बोलणं हवं, शक्यतो गेलताख्तमधल्या माणसाशी. ईमेल आयरिशमध्येच लिहा आणि उत्तर आलं नाही तर आठवड्याने फोन करा, तोही आयरिशमध्येच.