५जी फोनवर ४जीच दिसत होतं: माझा अनुभव

फोन २०२१चा, खोक्यावर ठळक ५जी लिहिलेलं. शेजाऱ्यांच्या फोनवर माझ्याच सिम कंपनीचं ५जी दिसायचं, माझ्याकडे मात्र ४जी. सेटिंगमध्ये ५जीचा पर्यायच नाही. सिम बदललं, नेटवर्क रीसेट केलं, एअरप्लेन मोड तर दिवसातून दहादा. पार वैतागलो.

भारतात ५जी सुरू झालं १ ऑक्टोबर २०२२ला. त्याआधीच्या बऱ्याच फोनांत ५जीचा मोडेम (फोनला नेटवर्कशी जोडणारी चिप) होता, पण इथल्या नेटवर्कसाठी तो सॉफ्टवेअरने बंद ठेवलेला. आयफोन १२ आणि त्यापुढच्यांनाही आयओएस १६.२ येईपर्यंत थांबावं लागलं होतं.

मी केलं ते या क्रमाने: आधी तीन जीबी जागा मोकळी केली. वायफायवर सेटिंग, मग सिस्टीम अपडेट. एक अपडेट घातल्यावर पुन्हा तपासलं तर आणखी एक निघालं (इथेच बरेच जण थांबतात), तेही घातलं. फोन रीस्टार्ट. मग मोबाइल नेटवर्क, सिम १, पसंतीचा नेटवर्क प्रकार, ५जी. दोन मिनिटांत चिन्ह आलं.

गंमत म्हणजे अँड्रॉइडची आवृत्ती आधीही १२ होती, नंतरही १२च. मोडेमच ४जीचा असेल तर मात्र कुठलंही अपडेट घाला, ५जी येणार नाही.