एकच पर्याय मांडण्यापूर्वी: पॉल रँड यांच्या पद्धतीने बोधचिन्ह कसे घडवावे

ग्राहकासमोर पाच-सहा बोधचिन्हे ठेवून 'यातले एक निवडा' असे म्हणण्याची रीत या व्यवसायात रूढ आहे. अमेरिकन ग्राफिक डिझायनर पॉल रँड (1914–1996) यांना ती मान्य नव्हती. स्टीव्ह जॉब्स यांनी 'नेक्स्ट' (NEXT) या आपल्या नव्या संगणक कंपनीसाठी काही पर्याय मागितले, तेव्हा रँड यांनी एकच उत्तर देण्याचे कबूल केले. ते वापरायचे की नाही हे ग्राहकाने ठरवावे, मोबदला मात्र दोन्ही परिस्थितींत द्यावा, अशी त्यांची अट होती. मोबदला होता एक लाख डॉलर. हा बाणेदारपणा अनेकांना मोहात पाडतो, परंतु त्याची नक्कल करण्यापूर्वी त्यामागची मेहनत समजून घेणे आवश्यक आहे, कारण एकच पर्याय मांडणाऱ्याने बाकीचे सगळे पर्याय स्वतःच्या टेबलावर तपासून सकारण बाद केलेले असावे लागतात.

कामाची सुरुवात चित्रापासून न करता नावाच्या अक्षरांपासून करावी. नाव वेगवेगळ्या टंकांत (फॉन्टमध्ये), कॅपिटल आणि स्मॉल अशा दोन्ही रूपांत लिहून पाहावे आणि प्रत्येक रूपात नेमके काय बिघडते याची नोंद ठेवावी. 'नेक्स्ट' हे नाव पूर्णपणे कॅपिटल अक्षरांत लिहिले, तर ते 'एक्झिट' (EXIT) असे वाचले जाण्याची शक्यता रँड यांनी हेरली होती. त्यावर त्यांनी फक्त 'ई' हे अक्षर स्मॉल ठेवले. बाकीची तीन अक्षरे सरळ रेषांची असल्यामुळे हे एकटे गोलाकार अक्षर नजर धरून ठेवते. पुढे त्यांनी शब्द दोन-दोन अक्षरांच्या दोन ओळींत मोडला आणि 28 अंशांनी कललेल्या काळ्या घनावर बसवला. कंपनीचा संगणक घनाकृती असणार याची कल्पना त्यांना आधीच देण्यात आली होती. यातील एकही निर्णय केवळ 'छान दिसते' या कारणावर उभा नाही, हे विशेष लक्षात घ्यावे.

अक्षरांमधला दोष हाच पुष्कळदा कल्पनेचा उगम ठरतो. आयबीएम (IBM) या संगणक कंपनीच्या नावात 'आय' अतिशय अरुंद, 'बी' त्याहून रुंद आणि 'एम' सर्वांत रुंद आहे, त्यामुळे नजर डावीकडून उजवीकडे सरकत जाते आणि शेवटी अचानक अडखळते. रँड यांनी 1956 मध्ये या कंपनीसाठी भरीव अक्षरांचे चिन्ह केले होते. पुढे तिन्ही अक्षरांतून समान आडव्या पट्ट्या नेऊन त्यांनी ती एकत्र बांधली, आणि 1972 पासून आठ पट्ट्यांचे रूप प्रचलित झाले. अशा वेळी अक्षरे ओढून-ताणून सारख्या रुंदीची करण्याचा मोह टाळावा. त्यातून अक्षरांचे व्यक्तिमत्त्व जाते आणि दोष मात्र तसाच राहतो.

जुने चिन्ह हाती आले असेल, तर त्यातले काय राखायचे हे आधी ठरवावे. पार्सले पोहोचवणाऱ्या यूपीएस या कंपनीसाठी 1961 मध्ये रँड यांनी ढालीचा जुना आकार कायम ठेवला आणि तिच्यावर दोरीची गाठ मारलेले पार्सल बसवले. हे चिन्ह त्यांनी आपल्या लहान मुलीला दाखवले, तेव्हा तिला त्यात भेटवस्तू दिसली. व्यवसायाशी संबंध नसलेल्या एखाद्या व्यक्तीला चिन्ह दाखवून 'आवडले का' असे विचारण्याऐवजी 'हे काय आहे' असे विचारावे. पहिल्या प्रश्नाचे उत्तर बहुधा शिष्टाचाराचेच असते.

यानंतर येते सादरीकरण, आणि रँड यांच्याकडून सर्वाधिक शिकण्यासारखे आहे ते इथेच. नेक्स्टसाठी त्यांनी छापील पुस्तिका तयार केली होती. तिच्यात तयार चिन्ह एकदम समोर येत नाही. नाव, टंक, कॅपिटल-स्मॉल, घन या क्रमाने वाचक एकेक पान उलटत उत्तरापर्यंत पोहोचतो. आपणही बाद केलेले पर्याय लपवू नयेत. ते का टिकले नाहीत हे एकेका वाक्यात लिहावे, म्हणजे ग्राहकाच्या 'असे करून पाहिले का' या प्रश्नाला उत्तर आधीच मिळालेले असते. ज्या पानावर कारण लिहिता येत नाही, तिथे कामच अपुरे आहे असे समजून पुन्हा टेबलाकडे वळावे.

एक व्यावहारिक सूचना करणे भाग आहे. नवख्या डिझायनरला एकाच पर्यायाचा आग्रह धरणे बहुधा परवडत नाही, आणि रँड यांचीही सुरुवात त्या अधिकाराने झालेली नव्हती. पेरेट्झ रोझेनबाम हे मूळ नाव सोडून त्यांनी रोमन लिपीत चार-चार अक्षरांचे सुटसुटीत नाव घेतले, तेही एका अर्थाने त्यांचे आरंभीचे बोधचिन्हच! 1938 पासून त्यांनी 'डायरेक्शन' मासिकाची मुखपृष्ठे मोबदल्याविना केली, कारण तिथे हवे ते करण्याची मोकळीक होती. डिसेंबर 1940 च्या अंकावर काटेरी तार भेटवस्तूच्या फितीसारखी आडवी-उभी बांधलेली असून पांढऱ्या पानावर लाल ठिपके आहेत. नाताळ आणि युद्ध दोन्ही एका नजरेत कळतात. म्हणून पैसे देणाऱ्या ग्राहकाला गरजेप्रमाणे दोन पर्याय द्यावेत, आणि सोबत एखादे छोटे काम असे स्वीकारावे की ज्यात मोबदला नाममात्र असला तरी अंतिम निर्णय आपला असेल. एकच उत्तर कारणांसह मांडण्याचा सराव तिथे करता येतो.