खोकताना थेंब गळतात? कापडी पॅड घेताना हे बघा

काळ्या मसाल्याच्या मिरच्या भाजताना ठसका लागतो आणि लघवीचे चार थेंब गळतात. चाळिशीनंतर, बाळंतपणानंतर हे पुष्कळ जणींना होतं, बोलत मात्र कुणी नाही.

एवढ्यासाठी रोज फेकायचे पॅड नकोत, धुवून वापरायचे घ्या. पण पाळीचे कापडी पॅड चालतीलच असं नाही. रक्त हळूहळू उतरतं, लघवी एकदम येते, म्हणून पॅडने ती झटकन शोषली पाहिजे. वर सुती कापड, मधे टॉवेलसारखा जाड थर, खाली पाणी न झिरपणारा थर, अशी रचना बघा. नवं पॅड दोन-तीनदा धुवा, त्याशिवाय ते नीट शोषत नाही. मग त्यावर पाव कप पाणी ओता, मिनिटभराने तळहाताने दाबा. खालून ओल आली तर ते घरातच वापरायचं.

वापरलेलं पॅड आधी गार पाण्यात खळबळा, मग साध्या साबणाने धुवा. कपडे मऊ करणारं द्रव्य घालू नका, त्याचा थर बसून शोषण कमी होतं. जळगाव-भुसावळच्या उन्हात ते पटकन वाळतं. साडीखाली लपवून वाळवलं तर मात्र ओलसर राहून वास धरतं. सुती बाजू उन्हाकडे ठेवा, उकळत्या पाण्यात मात्र घालू नका, खालचा थर खराब होतो.

आणि गळतं म्हणून पाणी पिणं कमी करू नका, आपल्याकडच्या उन्हाळ्यात तर मुळीच नाही. लघवीला जळजळ होत असेल किंवा रक्त दिसलं, तर आधी डॉक्टर, पॅड नंतर.