टॉर्च घेतला का? मार्चमधल्या दुपार-ते-रात्र पक्षीनिरीक्षणाची तयारी

टॉर्च. यादी त्यानेच सुरू होते, कारण मागच्या खेपेला तोच घरी राहिला आणि साडेसहानंतरचा सगळा कार्यक्रम बुडाला. दुपारी तीनला नागपुरातून निघताना ऊन असं असतं की डोळे उघडवत नाहीत. तेव्हा उजेडाची सोय कोणाला आठवणार? म्हणून आदल्या रात्रीच पिशवीत टाका, आणि टाकण्याआधी अंधाऱ्या खोलीत पाच मिनिटं लावून बघा. मागची झाकणी एक फेरा सैल करून ठेवा, म्हणजे पिशवीत बटण दाबलं गेलं तरी बहुतेक टॉर्च पेटत नाहीत. सेलची जादा जोडी वेगळ्या खिशात.

दुर्बीण, वही, टोपी हे सांगायला नको. दुर्बिणीचं एवढंच की ८×४२ (वर्धन ८ पट, भिंग ४२ मिलिमीटर) असेल तर तीच घ्या. १०×२५ खिशात मावते म्हणून मोह होतो, पण भिंगाच्या व्यासाला वर्धनाने भागलं की डोळ्यापर्यंत येणारी उजेडाची चकती कळते: मोठीत सव्वापाच मिलिमीटर, छोटीत अडीच. दुपारी फरक जाणवत नाही. सव्वासहाला छोटीतून नुसती काळी आकृती दिसते.

पाणी माणशी ३ लिटर, त्यातलं एक लिटर गाडीत परतीसाठी, त्याला हात लावायचा नाही. ओआरएसची दोन पाकिटं. खायला फल्लीदाणे आणि संत्री; मृग बहाराची संत्री याच दिवसांत बाजारात असतात. सालं पिशवीत परत आणा. डोक्याला दुपट्टा. पूर्ण बाह्यांचा मळकट रंगाचा शर्ट, घोट्याच्या वर जाणारे बूट. मोज्यांवर कुसळं इतकी चिकटतात की संध्याकाळभर तीच वेचत बसावं लागतं, तेव्हा पँट मोज्यात खोचण्यापेक्षा मोज्यांवरून खाली सोडा. डासांचं मलम लावल्यावर तळहात पुसा आणि मगच दुर्बीण धरा. त्यातल्या डीईईटी या रसायनाने प्लास्टिक आणि रबर चिकट होतं, आणि ते पुन्हा नीट होत नाही. बाभळीचा काटा टायरमधून आरपार जातो. स्टेपनीची हवा तपासा, दुचाकी असेल तर पंक्चर काढायचं सामान घ्या.

जागा आधी ठरवा. गोरेवाडा किंवा अंबाझरीचं उद्यान सकाळसाठी उत्तम, पण संध्याकाळी गेट बंद होतं आणि रात्रीचा भाग तिथे जमत नाही. उमरेड रोडकडचे पारडगाव, सायकीसारखे तलाव बरे. तलाव, पळसाची झाडं आणि मोकळा माळ एकमेकांजवळ मिळाले की काम झालं.

तलावावर चारच्या सुमारास पोचा आणि पश्चिमेच्या काठाला बसा, म्हणजे सूर्य पाठीशी राहतो. समोरच्या पाळीवरून बघाल तर सगळी बदकं काळीच. स्पॉटिंग स्कोप, म्हणजे एका डोळ्याने बघायची मोठी दुर्बीण, असेल तर वर्धन २०च्या आसपास ठेवा. तापलेल्या जमिनीवरून झळा उठत असताना ६०वर नेलं की पक्षी नाही, उकळतं पाणी दिसतं. पट्टकादंब (डोक्यावर काळे पट्टे असलेले पाहुणे हंस) बघायचे असतील तर महिन्याचा पहिला पंधरवडा गाठा, ते परतीला लागलेले असतात. थवा माना वर करून उभा राहिला की तिथेच थांबा. आणखी दहा पावलं टाकलीत तर उडालाच. पाणी उतरल्यामुळे काठाला चिखलाचा रुंद पट्टा असतो आणि शेकाटे, तुतवार तिथेच चरतात. त्यात शिरू नका. वरून वाळलेला दिसतो, आत टोंगळ्यापर्यंत पाय जातो.

पाचला पळसाकडे. झाडाखाली जायचं नाही, ४०–५० पावलांवर बसायचं. भोरड्या, टकाचोर, शिंजीर सगळे एकाच फांदीवर भांडताना दिसतात. भोरड्यांचा थवा दहा-दहाच्या गटांनी मोजा, एकेक मोजायला गेलात की हुकतो. इथे वेळ कसा जातो कळत नाही, म्हणून मोबाइलवर ५:४५चा गजर लावा.

मार्चच्या मध्यात नागपूरला सूर्य साधारण ६:२५ला मावळतो. सहाच्या आत माळावर पोचलेलं असावं, उजेडात वाट पाहून घ्यावी. आणि गाडीतून उतरताना टॉर्च खिशात. गाडीच्या कप्प्यात राहिलेला टॉर्च म्हणजे घरी राहिलेलाच.

“मोबाइलचा उजेड आहे की!” असं कोणीतरी म्हणतंच. नाही चालत. तो पसरट असतो, पंधरा पावलांपलीकडे जात नाही. दिवसभर नकाशा, ई-बर्ड (पक्ष्यांच्या नोंदींचं ॲप), फोटो यांत बॅटरी संपत आलेली असते. आणि रातव्याचा, म्हणजे अंधारात माळावर जमिनीवर बसणाऱ्या निशाचर पक्ष्याचा, आवाज रेकॉर्ड करायला तोच फोन मोकळा हवा. शिवाय पांढऱ्या पडद्याकडे एकदा पाहिलं की अंधाराला सरावलेले डोळे पुन्हा सरावायला वीस-पंचवीस मिनिटं लागतात.

उजेड दोन हवेत. डोक्याला बांधायचा, त्यावर लाल जिलेटीन कागद दुहेरी करून रबरबँडने लावलेला: वही लिहायला, वस्तू शोधायला. आणि हातातला पांढरा, झोताचा. चालताना पांढराच लावा, कारण घोणस पाचोळ्यात तशीही दिसत नाही आणि लाल उजेडात तर मुळीच नाही. रानडुकरांसाठी शेताच्या कडेने उघड्या तारा ताणलेल्या असतात, काहींत सरळ वीज सोडलेली असते. कुठल्याही तारेला हात नाही, तिच्यावरून पाय टाकणं नाही. तार दिसायला काय लागतं? टॉर्च.

रातवा शोधायलाही तोच. झोत कानशिलाजवळ, डोळ्यांच्या रेषेत धरा आणि धुळीच्या गाडीवाटेवर हळू फिरवा. तांबूस निखाऱ्यासारखा ठिपका चमकला की तो रातवा. कमरेपाशी धरलात तर परत येणारी चमक तुमच्या डोळ्यांपर्यंत पोचतच नाही, आणि पक्षी समोर बसलेला असून रिकाम्या हाताने परत याल. गवतात हिरवट-पांढरे बारीक ठिपके दिसले तर हुरळू नका, ते कोळी. सूर्यास्तानंतर वीस-पंचवीस मिनिटांनी आवाज सुरू होतात; गुळगुळीत जमिनीवर गोटी टप्पे घेत जावी तसा साधा रातवा, फळीवर ठोकल्यासारखा लांब शेपटीचा रातवा. चांदण्या रात्री जास्त बोलतात, म्हणून होळीच्या पुनवेच्या आसपासची तारीख बघा, धुळवडीचा दिवस सोडून.

घुबडांवर झोत दोन-तीन सेकंद, बस. ढोलीत तर नाहीच. पिंगळ्यांची अंडी-पिल्लं याच दिवसांत असतात. आवाज वाजवून बोलावू नका, पक्षी अंडी सोडून भांडायला येतो.

गावात आधी सांगा, पोलीस पाटलांना किंवा रस्त्यावरच्या टपरीवर. मोटारपंपाच्या केबल चोरीला जातात, आणि रात्री शेताकडे उजेड फिरताना दिसला की लोक काठ्या घेऊन येतात. त्यांचं चुकत नाही. तिघांपेक्षा कमी जाऊ नका. जंगलाच्या हद्दीत सूर्यास्तानंतर पाय नाही. मोहाखालीही नाही, फुलं गळायला लागली की अस्वलं येतात.

साडेआठला परत. माणसं मोजा, दुर्बिणी मोजा. दुचाकीवर गार लागतं, जॅकेट. चालवणाऱ्याने चहा घ्यावा.

घरी गोचीड बघा, यादी त्याच रात्री भरा. टॉर्चमधले सेल काढून ठेवा, आत राहिले तर गळतात.