व्हिडिओ गेममधील कथा आणि संस्कृती : विद्यापीठात अभ्यास कसा करावा

साहित्य, माध्यमविद्या, समाजशास्त्र किंवा इतिहास या विषयांत एम.ए. करताना, अथवा नव्या शैक्षणिक धोरणानुसार पदवीच्या चौथ्या वर्षी संशोधन-प्रकल्प करताना, व्हिडिओ गेम हा अभ्यासविषय घ्यावा असे बऱ्याच विद्यार्थ्यांच्या मनात येते. ‘गेमवर कसला प्रबंध?’ हा प्रश्न विभागातही विचारला जातो आणि घरीही. पण ती अडचण वाटते तेवढी मोठी नाही, कारण या विषयाला आता पाव शतकाहून अधिक काळाची विद्यापीठीय परंपरा आहे आणि ती मार्गदर्शकांना दाखवून देता येते. खरी अडचण विषय मंजूर झाल्यावर येते. कथा-कादंबऱ्यांवर लिहिण्याची सवय असलेला विद्यार्थी गेमचे कथानक सांगतो, पात्रांचे स्वभाव सांगतो, आशयसूत्रे मांडतो, आणि या सगळ्यात खेळणाऱ्याने प्रत्यक्षात काय केले हे कोठेच येत नाही. असा प्रबंध वाचून ज्याच्यावर तो लिहिला तो गेम होता की चित्रपट, हे परीक्षकाला सांगता येणार नाही. पुढील सूचना मुख्यतः हा दोष टाळण्यासाठी आहेत.

पूर्वपीठिका किती वाचावी

जेनेट मरे यांचे ‘हॅम्लेट ऑन द होलोडेक’ आणि एस्पेन ऑर्सेथ यांचे ‘सायबरटेक्स्ट’ ही दोन्ही पुस्तके १९९७ साली प्रसिद्ध झाली. संगणक हे कथनाचे नवे माध्यम ठरेल, ही मरे यांची भूमिका. तर काही संहिता अशा असतात की त्यांतून वाट काढण्यासाठी वाचकाला स्वतः श्रम करावे लागतात, आणि अशा संहितांसाठी वेगळी परिभाषा हवी, हा ऑर्सेथ यांचा आग्रह. २००१ साली ‘गेम स्टडीज’ हे नियतकालिक इंटरनेटवर सुरू झाले. ते आजही विनामूल्य वाचता येते आणि ग्रामीण महाविद्यालयातील विद्यार्थ्यासाठी ही मोठीच सोय आहे. गेम म्हणजे कथा की नियमांची व्यवस्था, हा वाद पुढची काही वर्षे चालला. त्यातले बरेचसे मतभेद गैरसमजातून आलेले आहेत, असे गोंझालो फ्रास्का यांनी २००३ मध्येच दाखवून दिले. तरीही या वादावर अख्खे प्रकरण खर्ची घालणारे प्रबंध अजून लिहिले जातात. माझ्या मते दीड-दोन पाने पुरेत.

त्याहून उपयोगाचे ठरतात ते दोन विचार. हेन्री जेन्किन्स यांनी २००४ च्या लेखात गेमकडे अवकाशाची रचना म्हणून पाहिले : पडके घर, भिंतीवरचे चित्र, टेबलावर उघडी राहिलेली वही यांतून कथा जागेतच पेरलेली असते आणि खेळणारा फिरता-फिरता ती जुळवत जातो. इयन बोगोस्ट यांनी २००७ मध्ये असे प्रतिपादन केले की, गेमचे नियम स्वतःच युक्तिवाद करतात. संवादातून जे सांगितले जात नाही ते नियमांतून पटवले जाते. हा दुसरा विचार मराठी वाचकाला अगदीच परका वाटू नये. परंपरेने ज्ञानेश्वरांच्या नावाशी जोडला जाणारा मोक्षपट हेच करतो. सद्गुणाच्या शिडीने सोंगटी वर जाते, दुर्गुणाचा साप तिला खाली आणतो. मात्र सोंगटी कोणत्या घरात पडणार हे खेळणाऱ्याच्या इच्छेवर ठरत नाही, पडलेल्या दानावर ठरते. मग हा खेळ प्रयत्नाची शिकवण देतो की प्रारब्धाची? पटावरची नावे वाचून एक उत्तर मिळते, नियम पाहून दुसरे. या दोन उत्तरांतल्या अंतरातून चांगला संशोधन-प्रश्न निघतो.

गेम आणि प्रश्न यांची निवड

आवडता गेम घ्यावा, पण शंभर तास लागणारा घेऊ नये. लघुप्रबंधासाठी हाताशी एक सत्र किंवा फार तर एक वर्ष असते आणि गेम एकदा खेळून भागत नाही. मार्गदर्शकांना किंवा बहिःस्थ परीक्षकांनाही तो थोडा तरी खेळून पाहता यावा, हाही विचार करावा. त्या दृष्टीने लुकास पोप यांचा २०१३ चा ‘पेपर्स, प्लीज’ हा गेम आरंभासाठी उत्तम आहे. त्याला महागडा संगणक लागत नाही, काही संध्याकाळींत तो संपतो आणि त्याचे वीस वेगवेगळे शेवट असल्यामुळे पुन्हा खेळण्याला अर्थ उरतो.

या गेममध्ये १९८२ साली, आर्स्टोट्झ्का या काल्पनिक देशाच्या सीमेवर, आपण पारपत्र तपासणारे कारकून असतो. दररोज नियम बदलतात, रांग संपत नाही, घड्याळ पुढे सरकत राहते. तपासलेल्या प्रत्येक माणसामागे पाच क्रेडिट मिळतात आणि रात्री त्यांतूनच घरभाडे, अन्न व उष्णता यांचा खर्च भागवायचा असतो. भागला नाही तर घरची माणसे उपाशी राहतात, आजारी पडतात. सुरुवातीच्या एका दिवशी एक माणूस येतो, त्याची कागदपत्रे चोख असतात. पाठोपाठ त्याची पत्नी येते आणि तिच्याकडे प्रवेशाचा परवाना नसतो.

आता याचे दोन प्रकारे लेखन करून पाहावे. ‘हा प्रसंग हुकूमशाही राजवटीत माणुसकीची होणारी कुचंबणा दाखवतो’ हे वाक्य चुकीचे नाही, पण ते गेम न खेळताही लिहिता येते. दुसरा प्रकार असा : दिवसातल्या पहिल्या दोन चुकांना केवळ ताकीद मिळते आणि तिसऱ्या चुकीपासून पैसे कापले जातात, त्यामुळे त्या बाईला आत सोडण्याची किंमत खेळणाऱ्याने त्या दिवशी आधी किती चुका केल्या आहेत यावर ठरते. ज्याने सकाळपासून नीट काम केले त्याला दया फुकट परवडते, ज्याचा हात आधीच दोनदा चुकला त्याला ती मुलाच्या औषधाच्या पैशातून करावी लागते. दया हा येथे स्वभावाचा गुण राहत नाही, ती हिशेबातली शिल्लक होते. हे निरीक्षण संवादांत कोठेही सापडणार नाही. ते केवळ नियम आणि प्रसंग एकत्र वाचल्यावर हाती येते. प्रबंधाचा प्रश्नही त्याच पद्धतीने बांधावा. ‘अमुक गेममधील नैतिकता’ हा विषय झाला, प्रश्न नव्हे. ‘दंडाचा नियम खेळणाऱ्याच्या दयेला कोणती मर्यादा घालतो आणि कथेचा रोख त्यामुळे कसा बदलतो’ हा प्रश्न आहे, कारण त्याचे उत्तर पुराव्याने देता येते आणि खोडताही येते.

खेळणे हेच क्षेत्रकार्य

पहिल्यांदा गेम सरळ खेळावा, टिपणे काढत बसू नये; फक्त प्रत्येक बैठक संपल्यावर त्याच रात्री अर्धे पान लिहावे. कोठे कंटाळा आला, कोठे घाई झाली, कोठे निवड करताना हात थांबला, हे त्याच वेळी नोंदवले नाही तर पुढे आठवणीतून तयार होते आणि मग ते सिद्धान्ताला सोयीचे होत जाते. दुसऱ्यांदा पडद्याचे चित्रमुद्रण करत, मुद्दाम वेगळ्या निवडी करत खेळावे. तिसरी फेरी आवश्यक त्या प्रसंगांपुरतीच ठेवावी, त्यासाठी सेव्ह केलेल्या फायली नीट नावे देऊन जपाव्यात.

नोंदवहीच्या पहिल्या पानावर मंच (गेम संगणकावर, फोनवर की कन्सोलवर खेळला ते), आवृत्ती, भाषा आणि काठिण्यपातळी लिहावी. ही कारकुनी वाटते, पण गेम हे छापील पुस्तकासारखे स्थिर नसतात. पुण्यातील नॉडिंग हेड्स गेम्सचा ‘राजी : अॅन एन्शंट एपिक’ २०२० मध्ये आला आणि २०२२ मध्ये त्याची सुधारित आवृत्ती निघाली, जिच्यात हिंदी आवाजही आले. इंग्रजी निवेदन ऐकत खेळलेला आणि हिंदी ऐकत खेळलेला अनुभव एकच मानून चालणार नाही.

दुसऱ्याचा खेळ यूट्यूबवर पाहून प्रबंध लिहिता येईल का, असे विचारले जाते. तुलनेसाठी पाहावे, आपण न पोहोचलेला शेवट पाहण्यासाठीही पाहावे, आणि तसे पाहिले हे स्पष्ट लिहावे. मुख्य पुरावा म्हणून ते चालणार नाही, कारण हरण्याची भीती आणि निवडीचा ताण प्रेक्षकाच्या वाट्याला येत नाहीत.

गेममधली संस्कृती, गेमभोवतीची संस्कृती

या दोन गोष्टींची गल्लत फार होते. पहिलीसाठी गेम वाचावा लागतो, दुसरीसाठी माणसांशी बोलावे लागते, आणि लघुप्रबंधात दोन्ही करायला जाऊ नये.

पहिल्या प्रकारात ‘चित्रण बरोबर की चूक’ एवढ्यावर थांबण्याचा मोह होतो. ‘अनचार्टेड : द लॉस्ट लेगसी’ या २०१७ च्या गेमची कथा पश्चिम घाटात घडते आणि होयसळ राज्याच्या अवशेषांत गणेशाचा दात शोधते. सह्याद्रीत वाढलेल्या माणसाला त्यातल्या दहा गोष्टी खटकतील. त्यांची यादी करणे सोपे आहे; परंतु देवळे चढण्याची, फोडण्याची आणि यंत्रासारखी उघडण्याची वस्तू का होतात, तेथे राहणारी माणसे कोठे आहेत, खेळणारा तेथे कोणत्या नात्याने वावरतो, हे प्रश्न यादीच्या पुढे नेतात. त्याच्या शेजारी ‘राजी’ ठेवून पाहावा. त्यात दुर्गा आणि विष्णू यांच्या संभाषणातून निवेदन होते, काही भाग छायाबाहुल्यांच्या शैलीत येतो, भित्तिचित्रांजवळ थांबले की देवांच्या कथा ऐकू येतात. ऐकण्याच्या या कथा आणि हाताने लढण्याच्या लढाया यांचा सांधा जुळतो का? मला तो अनेक ठिकाणी सैल वाटतो, पण हे मत विद्यार्थ्याने आपल्या नोंदींवर तपासून घ्यावे. सहकार्याने केलेल्या निर्मितीचे उदाहरण हवे असेल तर अलास्कातील इन्युपियाट समाजातल्या कथाकारांना सोबत घेऊन केलेला २०१४ चा ‘नेव्हर अलोन’ पाहावा. वसाहतवादाच्या अंगाने जायचे असल्यास कोलकात्याचे अभ्यासक सौविक मुखर्जी यांचे लेखन वाचल्याशिवाय पुढे जाऊ नये.

दुसऱ्या प्रकारासाठी आपल्याकडे सामग्री विपुल आहे. सप्टेंबर २०२० मध्ये पबजी मोबाइलवर भारतात बंदी आली आणि २०२१ मध्ये त्याचीच भारतासाठीची आवृत्ती असलेला ‘बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया’ आला, तेव्हा त्यात रक्ताचा रंग हिरवा झाला, ‘किल’ऐवजी ‘फिनिश’ असा शब्द आला आणि हे आभासी जग आहे अशी सूचना ऐकू येऊ लागली. या बदलांकडे खेळणारी मुले कशी पाहतात, हे त्यांच्याशी बोलूनच कळेल. आठ-दहा सखोल मुलाखती पुरतात. अठरा वर्षांखालील मुलांशी बोलायचे असेल तर पालकांची लेखी संमती घ्यावी, आणि डिस्कॉर्ड या खेळणाऱ्यांच्या गप्पांच्या ॲपवरचे किंवा व्हॉट्सॲप गटातले संभाषण सगळ्यांना दिसते म्हणून विनापरवाना उद्धृत करू नये.

ऐकीव माहितीची पारख

गेमविषयीची बरीच माहिती चाहत्यांच्या संकेतस्थळांवरून येते आणि ती पुष्कळदा अचूक असते. नसते तेव्हा मात्र अतिशय विश्वसनीय वाटते. ‘सिव्हिलायझेशन’ या १९९१ च्या गेममध्ये भारताचे नेते म्हणून येणाऱ्या गांधीजींची आक्रमकता एकावरून खाली येताना, संगणकीय गणिताच्या दोषामुळे थेट २५५, म्हणजे कमाल, झाली आणि ते अण्वस्त्रे टाकू लागले, ही कथा कित्येक वर्षे तपशिलांसह सांगितली गेली. गेमचे निर्माते सिड मायर यांनी २०२० मधल्या आत्मकथनात असा दोष नव्हताच, असे स्पष्ट केले. पुढे ‘सिव्हिलायझेशन ५’मध्ये मात्र गांधीजींचा अण्वस्त्रांकडचा कल मुद्दाम, गंमत म्हणून, वाढवण्यात आला. म्हणजे आधी दंतकथा आली आणि मग गेमने तिला खरे केले. संस्कृतीच्या अभ्यासकासाठी हे मूळ दोषापेक्षाही अधिक मोलाचे आहे. पण ते हाती लागण्यासाठी आधी दंतकथेला वस्तुस्थिती समजणे टाळावे लागते.

लेखन आणि पुढचा मार्ग

परीक्षकांनी तो गेम खेळलेला नाही असे गृहीत धरावे. पहिल्या प्रकरणात दोन पानांत गेमची ओळख द्यावी, त्यात कथेपेक्षा खेळणाऱ्याच्या हालचालींना जास्त जागा द्यावी. ‘नायक दार उघडतो’ आणि ‘खेळणाऱ्याला दार उघडावेच लागते’ या दोन विधानांत फरक आहे, तो सर्वत्र पाळावा. पडद्याची चित्रे क्रमांक देऊन, विवेचनाला लागतील तेवढीच वापरावीत.

मराठीत लिहिणाऱ्यांनी गेमप्ले, लेव्हल, कट-सीन (खेळ थांबवून दाखवले जाणारे दृश्य) हे रूढ शब्द तसेच ठेवावेत. प्रत्येकाला संस्कृत प्रतिशब्द घडवत बसल्याने वाचक अडतो आणि शब्दसंख्या तेवढी वाढते.

पुढे याच विषयात जायचे असेल तर निर्मिती आणि अभ्यास या वाटा आधी वेगळ्या ओळखाव्यात. राष्ट्रीय डिझाइन संस्थेचा डिजिटल गेम डिझाइनचा अभ्यासक्रम मुख्यतः निर्मितीकडे नेतो. समीक्षा-संशोधनासाठी भारतात बहुधा इंग्रजी, माध्यमविद्या किंवा सांस्कृतिक अभ्यास विभागातून जावे लागते. परदेशात कोपनहेगनचे आयटी विद्यापीठ आणि फिनलंडमधील ताम्पेरे विद्यापीठ ही या अभ्यासाची जुनी केंद्रे आहेत. अर्ज करताना लेखनाचा नमुना मागितला तर संपूर्ण लघुप्रबंध पाठवू नये. एकाच प्रसंगाचे, नियम आणि कथा एकत्र वाचणारे दहा-बारा पानांचे विवेचन इंग्रजीत नव्याने लिहून पाठवावे, आणि मूळ मराठी प्रबंधाचा सारांश त्यासोबत जोडावा.