राज्यसेवेची तयारी: सोबतीची माणसं कशी जोडावीत

राज्यसेवा मुख्य परीक्षा २०२५ पासून वर्णनात्मक झाली. पेपर नऊ, त्यांतले भाषेचे दोन फक्त पात्रतेपुरते, बाकीचे सात प्रत्येकी २५० गुणांचे. बहुपर्यायी पेपर सोडवल्यावर उत्तरतालिका लावून आपल्या चुका आपल्याला सापडायच्या. लिहिलेलं उत्तर मात्र दुसऱ्या कुणीतरी वाचावंच लागतं. त्यामुळे पुण्याच्या पेठेत राहत असा किंवा तालुक्याच्या अभ्यासिकेत बसत असा, वेळापत्रकाबरोबर माणसंही आखून घ्या.

पहिल्यांदा एका कोऱ्या पानावर गेल्या महिन्यात अभ्यास कुठे कुठे अडला ते लिहा: उत्तरं तपासायला कुणी नाही, पहाटे जाग येत नाही, मेसचे पैसे थकले, घरच्या फोननंतर मन लागत नाही. प्रत्येक अडचणीपुढे एक नाव लिहा. चार-पाच माणसं पुरतात. सगळं एकाच मित्रावर टाकलं तर तो दोन महिन्यांत कंटाळतो, आणि त्यात त्याची काही चूक नसते.

अभ्यासाचा गट तिघांचा ठेवा. दोघांत एक गावी गेला की खंड पडतो. सहा जण जमले की चहाच्या टपरीवरच तास जातो. वैकल्पिक विषय वेगळे असले तरी बिघडत नाही, सामान्य अध्ययन सगळ्यांना सारखंच आहे.

रविवारी सकाळी तिघांनी तेच दोन प्रश्न घड्याळ लावून २० मिनिटांत हाताने लिहायचे आणि वह्या बदलायच्या. पेन्सिलीने तीनच गोष्टी बघा. ‘चर्चा करा’ विचारलं असताना नुसतं वर्णन झालंय का? ठोस दाखला आहे का? वेळ संपल्याने शेवट तुटलाय का? रोजगार हमीच्या उत्तरात ‘महाराष्ट्राने मोठं काम केलं’ एवढंच असेल, तर समासात लिहा: ‘१९७७ चा कायदा कुठे आहे?’ ‘छान लिहिलंस’ हा शेरा गटात चालू देऊ नका. तो ऐकायला बरा वाटतो आणि पुढच्या रविवारी तीच चूक पुन्हा होते.

आधी वर्णनात्मक परीक्षा दिलेल्या एखाद्या सीनियरची मदत घ्या, पण ‘दादा, मार्गदर्शन करा’ असा मेसेज पाठवू नका. अशा मेसेजला काय उत्तर द्यावं हे सीनियरलाही कळत नाही. असं लिहा: ‘ताई, शनिवारी एक उत्तर पाठवू का? दोन पानं आहेत. प्रस्तावना लांबली आहे का, एवढंच सांगा.’ आणि सांगितलेली दुरुस्ती केली की ते पान तिला आवर्जून दाखवा. पुढच्या वेळी ती आपणहून वेळ काढते.

घरच्यांशी एकदा नीट बसून बोला. पूर्व, मुख्य, मुलाखत हे टप्पे, किती प्रयत्न करणार आणि महिन्याचा खर्च किती, हे कागदावर मांडून दाखवा. आई-बाबांना काहीच माहीत नसतं, म्हणूनच ते दर फोनला ‘निकाल कधी?’ विचारतात.

परीक्षेशी काडीचा संबंध नसलेला एक मित्रही हवाच. त्याच्याबरोबर संध्याकाळी फिरताना कट-ऑफचा विषय काढायचा नाही.

पूर्व परीक्षेच्या निकालात तिघांपैकी एकाचंच नाव आलं तर काय, हे आजच ठरवा. बहुतेक गट त्याच दिवशी, कुणी काही न बोलता, मोडतात. बाकी दोघं मुख्यपर्यंत त्याची उत्तरं तपासणार की थोडे दिवस लांब राहणार, दोन्ही चालेल. फक्त निकालाआधी ते एकमेकांना स्पष्ट सांगून ठेवा.