एपीएमध्ये अल्पसंख्याक डॉक्टरांचा प्रतिनिधी व्हायचंय? आधी एक ॲक्शन पेपर लिहा

अमेरिकन सायकिॲट्रिक असोसिएशनच्या, म्हणजे एपीएच्या विश्वस्त मंडळात एक जागा अल्पसंख्याक आणि कमी प्रतिनिधित्व असलेल्या गटांसाठी असते. तिथे तिला एम/यूआर ट्रस्टी म्हणतात. आपल्याकडून एमडी करून अमेरिकेत रेसिडेन्सी केलेल्या बऱ्याच मनोविकारतज्ज्ञांना या जागेचं आकर्षण असतं. पण अर्जाच्या वर्षी जागं होऊन काही उपयोग होत नाही. दोन-तीन वर्षं आधी कामाला लागावं लागतं.

पहिली पायरी कॉकसची, म्हणजे समान ओळख असलेल्या सभासदांच्या गटाची. एपीएत असे सात कॉकस आहेत: कृष्णवर्णीय, हिस्पॅनिक, आशियाई-अमेरिकन, मूळनिवासी, एलजीबीटीक्यू, महिला आणि परदेशी पदवीधर म्हणजे आयएमजी. सभासदत्व चालू असलं तरी प्रोफाइलमध्ये कॉकस नोंदवायचा राहिलेला असतो, आणि हे लक्षात येतं ते ऐन निवडणुकीत. आजच उघडून बघा. मराठी डॉक्टर आयएमजी आणि आशियाई दोन्हीकडे बसतो, त्यामुळे मत कोणत्या गटातून मोजलं जाणार हेही त्याच वेळी विचारून घ्या.

दुसरी पायरी असेंब्लीची, म्हणजे एपीएच्या प्रतिनिधींच्या सभेची. प्रत्येक कॉकस असेंब्लीवर एक प्रतिनिधी आणि एक उपप्रतिनिधी पाठवतो. उपप्रतिनिधीपद मिळालं तर नाही म्हणू नका. मे आणि नोव्हेंबरच्या बैठकांत कोणाचा शब्द कुठे चालतो, ते तिथे बसल्याशिवाय कळत नाही.

आता खरं काम. असेंब्लीत प्रस्ताव ज्या कागदावर जातो त्याला ॲक्शन पेपर म्हणतात. वरच्या भागात कारणं, खाली ठराव, शिवाय लेखक, पाठिंबा देणारे गट आणि अंदाजे खर्च. मतदान होतं ते ठरावाच्या भागावर; कारणं कितीही सुंदर लिहा, ती पुढे जात नाहीत. म्हणून ठराव एकटा वाचला तरी पूर्ण कळला पाहिजे. हा बघा फसलेला ठराव: ‘एपीएने आयएमजी डॉक्टरांना अधिक पाठिंबा द्यावा.’ कोणी, काय, कधीपर्यंत? काहीच नाही. हाच नीट लिहिला तर असा होतो: ‘कॉनराड योजनेतली प्रत्येक राज्यामागे वर्षाला ३० जे-१ वेव्हरची मर्यादा वाढवावी, यासाठी एपीएच्या सरकारी संबंध विभागाने अमेरिकी काँग्रेसमध्ये (संसदेत) पाठपुरावा करावा आणि पुढच्या मे महिन्यातल्या असेंब्लीत अहवाल ठेवावा.’ वेव्हर म्हणजे जे-१ व्हिसावर शिकलेल्या परदेशी डॉक्टरला मायदेशी परतण्याच्या अटीतून मिळणारी सूट. ती मिळालेल्या डॉक्टरला डॉक्टरांची टंचाई असलेल्या भागात तीन वर्षं पूर्णवेळ काम करावं लागतं, हे कारणांच्या भागात एका वाक्यात आलं की पुरे. ज्यांना व्हिसाची झळ कधी लागलेली नाही, त्यांनाही मग प्रश्न रुग्णांचा आहे हे दिसतं.

खर्चाचा रकाना अंदाजपंचे भरू नका. एपीएच्या कर्मचाऱ्यांना आधी विचारा. पेपर आधी तो तपासणाऱ्या रेफरन्स कमिटीसमोर जातो, तिथे ‘हे आधीच चालू आहे’ एवढ्या एका वाक्यावर तो आडवा होऊ शकतो. जुने ठराव शोधून ठेवले असतील तर उत्तर देता येतं. असेंब्लीनंतर तो पुढे कुठे पाठवायचा हे ठरवणारी जॉइंट रेफरन्स कमिटी, आणि मग विश्वस्त मंडळ. पुष्कळ पेपर असेंब्लीच्या टाळ्यांनंतर याच वाटेवर रेंगाळतात; पाठपुरावा करणारा लेखक लोकांच्या लक्षात राहतो.

आपल्या माणसांची सगळ्यात मोठी चूक म्हणजे भारतीयांची मतं मोजत बसणं. ट्रस्टी सातही गटांचा असतो. १९६९ साली मायामी बीचच्या अधिवेशनात कृष्णवर्णीय मनोविकारतज्ज्ञांनी विश्वस्तांसमोर मागण्या ठेवल्या होत्या, हा इतिहास माहीत नसलेला उमेदवार पहिल्याच प्रश्नाला उघडा पडतो. १८४४ साली स्थापन झालेल्या या संस्थेला पहिले आशियाई-अमेरिकन अध्यक्ष २०१२ साली मिळाले. ते डॉ. दिलीप जेस्ते, पुण्यात वैद्यकीय शिक्षण घेऊन मुंबईच्या केईएममध्ये मनोविकारशास्त्र शिकलेले. अभिमान जरूर बाळगा, पण भाषणात त्यावर दोन मिनिटं घालवू नका. समोरच्या हिस्पॅनिक सहकाऱ्याला त्यातून काही मिळत नाही. त्यापेक्षा उमेदवारीच्या आधी दुसऱ्या दोन कॉकसच्या पेपरवर सहलेखक व्हा.

नामांकन समितीकडे नाव पाठवताना हितसंबंधांचं विवरण पूर्ण भरा: औषध कंपन्यांचं मानधन, सल्लागारपदं, दुसऱ्या संघटनांतली पदं. राहिलेली नोंद नंतर कोणीतरी काढतंच. विभागप्रमुखांकडून बैठकांसाठीची रजा लेखी घ्या. तोंडी ‘बघू’ ओपीडीच्या गर्दीत विरून जातं.

प्रचाराचे नियम दरवर्षी छापून येतात, ते ओळ न ओळ वाचा. भारतीय डॉक्टरांच्या संघटनेत तुम्ही पदाधिकारी असाल तर तिची ईमेल यादी वापरण्यापूर्वी निवडणूक समितीला लेखी विचारा, ‘सगळेच वापरतात’ हे उत्तर तक्रारीत चालत नाही. निवेदनात तीनच गोष्टी ठेवा: काय केलं, त्याचं पुढे काय झालं, मंडळात गेल्यावर पहिला कोणता प्रश्न घेणार.

मतदान जानेवारीत ऑनलाइन होतं आणि दुवा ईमेलवर येतो. रेसिडेन्सी संपवून नोकरी बदललेल्यांचा पत्ता बहुतेक वेळा जुन्या हॉस्पिटलचाच असतो. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात अशा ओळखीच्या प्रत्येकाला फोन करून तो बदलून घ्यायला सांगा.